मेलेला ठिपका

सोमवार, ९ मार्च

दोन्ही सपाता डाव्या पायाच्या! प्रयोगशाळेत बाहेरची पादत्राणं चालत नाहीत म्हणून भाचीने दिल्या. वर्तमानपत्राचा ज्येष्ठ वार्ताहर, त्यात व्याकरणाचा पदवीधर, आणि दिवसभर बदकासारखा चाललो. निषेध इथे नोंदवून ठेवतो.

भाचीचं यंत्र मात्र अजब. साधा एक्स-रे सगळं काळं-पांढरं दाखवतो. तिचा डिटेक्टर प्रत्येक किरणकण वेगळा मोजतो, त्याची ताकद पाहतो आणि त्यावरून पदार्थ ओळखून रंग देतो. लेखासाठी माझाच हात ठेव, असा हट्ट धरला. "नमुन्याच्या जागी मामा ठेवायची आमच्याकडे पद्धत नाही," म्हणाली. पण साहेबांची परवानगी घेऊन आली. अंगठी काही निघेना. "मामी आठवली की बोट फुगतं वाटतं?"

पडद्यावर हाडं निळी, अंगठी पिवळी. अंगठीखालच्या हाडात एक काळा ठिपका.

"तो डिटेक्टरचा मेलेला ठिपका. तेवढी जागा काही मोजत नाही. सोडून दे."

मंगळवार

आज यंत्रात शंख ठेवला होता. चित्रात शंखाभोवती माझी बोटं — फिकट, पण अंगठीसकट. ठिपकाही होता. मी खिशातला हात चाचपून पाहिला.

"याला आम्ही भूत म्हणतो," भाची म्हणाली. "आधीचं चित्र डिटेक्टरमध्ये रेंगाळतं. उतरेल."

मग मीही सुनावलं — भू धातू, क्त प्रत्यय. होऊन गेलं ते भूत. तुझ्या यंत्राला संस्कृत येतं.

बुधवार

घरी बायकोला सांगितलं, माझा हात प्रयोगशाळेतच राहिलाय. "मग भाजी कोण निवडतंय?"

गुरुवार

लेखातले तपशील पडताळायला गेलो. शंखाचं नवं चित्र स्वच्छ. भूत उतरलं, आणि ठिपकाही नाही. "अभिनंदन, तुझा मेलेला ठिपका जिवंत झाला," म्हणालो.

ती हसली नाही. सगळी चित्रं पुन्हा लावून पाहत राहिली.

"मामा, मेलेला ठिपका असा जात नसतो. तो डिटेक्टरचा असता तर भूत उतरल्यावरही शंखावर राहिला असता." मग हळूच — "ते बोट दुखतं का रे?"

"अंगठी घट्ट आहे," म्हणालो.

शुक्रवार

दुखतं. बरेच दिवस झाले. हाडांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बायकोला सांगितलेलं नाही. हात सारखा खिशात ठेवतो, बघवत नाही. मला भीती वाटते.