लाटणं ठेवून घेतलं

आई,

काल संध्याकाळी आपल्या संजूची बायको नंदा दारात उभी राहिली. हातात पिशवीत गुंडाळलेलं लाटणं. "ताई, हे ठेवाल का? सकाळी नेते." म्हणून आज तुला लिहायला बसले.

"हे तुला कोणी शिकवलं?" मी तिला विचारलं.

"सासूबाईंनी. लग्न झाल्या झाल्या."

म्हणजे संजू बाबांवर गेलाय, हे तुला ठाऊक होतं. मला का नाही सांगितलंस? इंद्रलोक वसाहतीत त्याच्या शेजारच्याच इमारतीत राहते ना मी?

नवघरच्या चाळीत हे काम माझं होतं. बाबा भांड्यांच्या कारखान्यातून पिऊन यायच्या आत चपात्या उरकायच्या आणि लाटणं शेजारच्या कदममावशींकडे पोचवायचं. मी ते फ्रॉकखाली लपवून न्यायचे, तरी नळावरच्या बायका हसायच्या. "यांच्या लाटण्याला रात्रपाळी असते गं." मला बाबांची नाही, तुझी लाज वाटायची. कॉलेजात गेले तरी एकाही मैत्रिणीला घरी आणलं नाही.

"हाताने कमी लागतं," एवढंच तू म्हणायचीस. आणि सकाळी सुजलेल्या गालाने पहिला चहा त्यांनाच द्यायचीस. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

कदममावशी भल्या बाई. लाटणं पुसून फळीवर ठेवायच्या. पण भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत असताना "तूच ये इकडे" असं एकदा तरी म्हणाल्या का?

आणि काल मी काय केलं? लाटणं घेतलं, "बरं" म्हणाले, दार लावलं. नंदा जिना उतरत होती, तो आवाज आतून ऐकत राहिले. ऑफिसात भल्याभल्यांना तोंडावर सुनावणारी मी, मला एक हाक मारता आली नाही.

सकाळी ती लाटणं न्यायला आली तेव्हा ओठ फुटलेला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "हाताने कमी लागतं, ताई."

मला तिच्याकडे बघवेना. तिला आत घेतलं आणि संजूला फोन लावला. "नंदा माझ्याकडे आहे. तू यायचं नाहीस."

"ताई, हा आमच्या घरातला मामला आहे."

"मी त्याच घरात वाढलेय," म्हटलं आणि फोन ठेवला.

आई, यापुढे माझ्या दारात कोणी लाटणं घेऊन आलं, तर मी माणूस ठेवून घेईन. तुझ्या वेळी हे कुणाला सुचलं नाही. मलासुद्धा एक रात्र उशिराच सुचलं.

तुझी,
शोभा

नंदाच्या हाती दिलं: तिचं लाटणं आणि माझ्या दाराची दुसरी किल्ली. किल्ली तिने मुठीत धरलीय. लाटणं माझ्याच ओट्यावर ठेवलंय; दुपारच्या चपात्या इथेच करते म्हणाली.