शुक्रावरच्या पोस्टमनचा सहावा भाग

१२ मे १९८१
आज पुन्हा भांडण! आईचं एकच पालुपद — "नवं घर नको." अख्खी गल्ली पाडणार आहेत, चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळतोय, नळाला गरम पाणी — आणि ही म्हणते, मी इथंच मरणार. शहात्तरीची बाई, पण हट्ट बघावा.

१७ मे
कारखान्यातली टायपिस्ट आल्बिना आली होती. विज्ञानकथा वाचणाऱ्यांचं तिचं एक मंडळ आहे. विसरलेल्या कथा जुन्या मासिकांतून शोधायच्या, कार्बन घालून चार प्रती काढायच्या आणि वाटायच्या! ग्रंथालयात तिला १९३७ चे अंक सापडले. 'शुक्रावरचा पोस्टमन', लेखक प्लातोन झेर्नाकोव.

माझे बाबा!

"रिम्माकाकू, पाचच भाग आहेत हो. सहावा कुठंय? आमची मंडळी मला फाडून खातील!"

सहावा छापलाच नाही. त्याआधीच एका रात्री पोलिसांनी बाबांना नेलं. पुढल्या वर्षी कैद्यांच्या छावणीतून त्यांचं एक पोस्टकार्ड आलं, मग तेही नाही.

ती चौथी प्रत देऊन गेली, सगळ्यात फिकट. खिडकीशी धरून वाचली. पोस्टमन पत्रं घेऊन शुक्रावर जातो, त्याची मुलगी फाटकाशी थांबलेली. आठ वर्षांची. मीही तेव्हा आठचीच होते. तो परत येतो का? चव्वेचाळीस वर्षं मला एवढंच कळायला हवंय.

२१ मे
मंडळात जाऊन आले. मला मानाची खुर्ची, बडीशेपेची बिस्किटं, चहा. आल्बिना सांगत होती — आधी मंगळापर्यंत मोकळं रान होतं, मग सरकारने लेखकांच्या कल्पनेला कुंपण घातलं. उद्याचा ट्रॅक्टर चालेल, शंभर वर्षांनंतरचा माणूस चालणार नाही! माणूस खरंच अंतराळात गेला तेव्हा कुठे लिहिणाऱ्यांना पुन्हा वर बघू दिलं. "तुमचे बाबा कुंपणाआधीचे, काकू." किती अभिमान वाटला!

२४ मे
आईला सहाव्या भागाचं विचारलंच.
"जाळलं. सगळं चुलीत घातलं. विचारू नकोस."
भित्री! लिहिलं, आता खोडणार नाही. त्यांचं एक पानसुद्धा ठेवावंसं वाटलं नाही हिला?

३० मे
मंडळात शेवट लिहायची स्पर्धा झाली. अकरा शेवट आले, नऊ जणांचा पोस्टमन परत येतो. चांगले आहेत. पण बाबांचे नाहीत.

४ जून
सोमवारी ट्रक येणार. मी खोकी बांधतेय, आई कपाटाशेजारच्या भिंतीवरून हात फिरवत बसलीय. या भिंतींवरचा जुना नक्षीचा कागद तिने आयुष्यभर काढू दिला नाही. "वरूनच चिकटव गं, खरवडू नकोस!" सात थर झालेत. कुणाची कशावर माया असेल सांगता येत नाही.

७ जून
सकाळी आई आपणहून म्हणाली, "कपाट सरकव. किटली ठेव."
वाफ देत देत थर सोडवले. फुलांचा कागद, पट्ट्यांचा, खाली जुनी वर्तमानपत्रं, त्याखाली — हाताने लिहिलेली पानं! "पोस्टमनने दार..." एवढंच वाचलं. बाबांची पानं! जाळली नव्हती! आईला मिठी मारली, ती किटली उतरवायला गेली. पानं ओली आहेत, दोरीवर वाळत घातलीत. उद्या वाचीन. आज धीर होत नाही.

८ जून
अक्षर बाबांचं नाही. पोस्टकार्ड शेजारी ठेवून पाहिलं. हे डावीकडे कललेलं — आईच्या मुरंब्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर असतं तसं.
"मी पाद्र्याची मुलगी, त्या काळी क्रांतीची शत्रू. माझं कोण छापणार होतं?" आई म्हणाली. "तुझा बाप कामगाराचा मुलगा. म्हणाला, माझं नाव घाल. मग पोलिसांनी त्याला विचारलं, हे कुणी लिहिलं? तो म्हणाला, मी."
पानं मध्येच संपतात. मुलगी अजून फाटकाशीच आहे.
"पुढे काय झालं गं, आई?"
तिने शेवटचं पान पुढ्यात ओढलं, म्हणाली, "पेन्सिल दे."