डबा न हलवता

सीताबर्डी, नागपूर
कोजागिरीनंतरचा गुरुवार, १९७८

प्रिय पमे,

काल तुझ्या घरून साडी आली. मोरपंखी, भरजरी. तुझा श्रीधरदादा माझा नवरा, तू नणंद, प्रतापनगरच्या नव्या घरात माझी खोली तुझ्या खोलीला लागून. सगळं तूच ठरवलंस आणि आईला वाटलं, पोरीनं नशीब काढलं. मैत्रिणीच्या घरात पडायला पुण्य लागतं, असं ती काल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून राहिली होती. मी साडी अंगावर लावून पाहिली आणि पुन्हा घडी घातली. माझा जीव कोंडतो वं, पमे.

तिसरीपासून आपण एका बाकावर. कोणी माझ्याशी जास्त बोललं की तू जेवण टाकायचीस, आणि खरं सांगते, मला त्याचं कौतुकच वाटायचं. आपल्यासाठी कोणी उपाशी राहतं, याहून त्या वयात मोठं काय असतं? मग मॅट्रिकच्या वर्षी वर्गात गोपिका आली. मूळची भिवापूरची, आणि जिभेनं तिथल्या मिरचीला लाजवणारी. मॅट्रिक झालं की पुण्याला नर्सिंगला जायचं, असं तिचं माझं ठरलं. तुला सांगितलं तेव्हा तू हसलीस. म्हणालीस, जा ना वं, मी कोण अडवणारी? त्या दिवशी तू पोटभर जेवलीस, आणि मला हायसं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात गोपिकाच्या घरी भुलाबाई होती. गाणी झाली की झाकलेला खाऊ ओळखायचा. डबा हातोहात फिरवायचा, हलवून कान लावायचा. खुळखुळला तर कोरडं काही, नाही तर शिरा नाही तर लाडू. जी ओळखेल तिनं वाढायचं आणि घरच्या पोरीनं सगळ्यांत शेवटी घ्यायचं, हा आपल्या टोळीचा नियम. डबा अजून गोपिकाच्याच हातात होता आणि तू म्हणालीस, गुळाचा सांजा. झाकण काढलं तर सांजाच. तुझ्या नाकाला आपण सगळ्या मानायचो, म्हणून हसून सोडून दिलं. पळसाच्या द्रोणांत तू वाढलंस. आम्ही खाल्लं, शेवटी गोपिकानं खाल्लं. उजाडायच्या आत ती गेली, आम्हाला कोणाला काही झालं नाही.

पोलिसांनी तिच्या सावत्र आईला नेलं, भागीरथाबाईला. घरातल्या उंदराच्या औषधाची पुडी फोडलेली सापडली होती, आणि सावत्र म्हटल्यावर लोकांना आणखी पुरावा कशाला लागतो. त्यात त्या बाईनं स्वतःच्याच हातानं फास आवळला. नैवेद्याला दुसऱ्याचा हात लागला म्हणजे तो बाटला, म्हणून कोर्टातही ती एकच धोशा लावून बसली, की चुलीजवळ माझ्याशिवाय कोणी आलं नाही. तिला जन्मठेप झाली. तू मला जवळ घेऊन रडलीस. पुण्याचं नाव मी पुन्हा काढलं नाही. कॉलेज तू निवडलंस, शाळेतली नोकरी तू मिळवून दिलीस, दोन चांगली स्थळं येऊन परत गेली, ती का गेली हे मी विचारलं नाही. आपली पमी आहे ना, एवढंच मला पुरत होतं.

गेल्या पंधरवड्यात आमच्या शेजारी पोरींची भुलाबाई होती. एका चिमुरडीनं डब्याला हातही न लावता करंज्या म्हणून सांगितलं, तशा बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या, की हिनं स्वैपाकघरात डोकावलं, ही लबाड आहे. मी दारात उभी राहून हसत होते. हसता हसता मला आपली ती भुलाबाई आठवली. गोपिकानं आदल्या दिवशी माझ्या कानात शंकरपाळे सांगितले होते. सांजा आहे हे घरातल्यांशिवाय कोणाला माहीत असणार? आणि तू तर मावशीकडून, कुहीहून, एसटीनं थेट आले म्हणाली होतीस.

मग मी तुरुंगात जाऊन भागीरथाबाईला भेटले. केस पांढरे झालेत, बोलताना पदर सारखा तोंडाशी नेते. म्हणाली, तेल ऐन वेळी सरलं म्हणून दिवस कलताना सांजा केला. नळाला पाणी आलं म्हणून सांजा चुलीवर उघडा टाकून गेली होती वं बाई, देवाचा नैवेद्य उघडा टाकला हे चारचौघांत कोन्या तोंडानं सांगू, असं म्हणाली. तिला अजून लाज वाटते ती त्याची. तेवढ्या वेळात तू सांजा पाहिलास आणि पुडी फोडलीस; ओळखलंस म्हणून वाढणं तुझ्या हाती आलं, आणि शेवटचा द्रोण गोपिकाचा. निघताना तिनं मलाच विचारलं, माह्या पोरीले कोनं मारलं असन वं? मला तिच्याकडे पाहवलं नाही.

वकिलाकडे गेले तर तो हसेल. एका पोरीनं सांजा ओळखला, एवढ्यावर कोणी कोणाला सोडत नाही. हे खरं फक्त तू सांगू शकतेस, आणि तुझ्याकडून ते काढून घ्यायला माझ्याजवळ माझ्याशिवाय काही नाही. म्हणून हे लिहिते आहे. साडी या पत्रासोबत परत पाठवते. लग्न मोडलं असं बाबांना सकाळीच सांगितलं, घरात चूल पेटलेली नाही. पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा मी नागपुरात नसेन, आणि तू गप्प बसलीस तर या जन्मात तुला माझं तोंड दिसणार नाही. पण तू ठाण्यावर जाऊन सगळं सांगितलंस आणि ती बाई सुटली, तर मी परत येईन. मग कोणाशी लग्न करणार नाही, कुठे जाणार नाही. तुला ठेवतील तिथे, भेटीच्या दर दिवशी, गजांशी येऊन बसेन. अजूनही तुझ्यावर माझा जीव आहे, आणि मला त्याची किळस येते. ज्याच्यासाठी तू गोपिकाला मारलंस, ते मी आज आपण होऊन देते आहे. ये आणि घेऊन जा.

तू खरं बोललीस तर मरेपर्यंत तुझीच,
चारुशीला