पाच दिवसांची जखम

सोमवार, २ नोव्हेंबर १९८७. वाघशेवडी.

पोहोचलो एकदाचा! सावद्याहून निघताना आईने केळ्यांचे वेफर्स, शेवभाजीचा मसाला आणि नवी सतरंजी अशी तीन गाठोडी दिली होती. पिंपळनेरला एस.टी. बदलावी लागली, तरी तिन्ही शाबूत आहेत. आरोग्य केंद्र चांगलंच टुमदार निघालं. पुढे कडुनिंब, मागे डॉक्टरचं क्वार्टर, शेजारी पोलीस ठाणं, मधे एकच भिंत. चोरांची भीती नाही, असं आबांना पत्रात कळवणार आहे.

कंपाउंडर पितांबर नाना पन्नाशीचे, अबोल. त्यांच्या हातातून गोळ्या सांडतात, बोटं नीट मिटत नाहीत. सुगंधाबाई सिस्टर चलाख आहेत. केंद्र आणि ठाणं दोन्हीकडे झाडलोट करते ती झुंबरबाई. संध्याकाळी फौजदार निकुंभ स्वतः भेटायला आले. गोड माणूस. मला एकदाही नुसतं डॉक्टर म्हणाले नाहीत, डॉक्टरसाहेबच.

गुरुवार, ५ नोव्हेंबर.

पन्नास पेशंट झाले. हिवताप, खरूज, एक विंचू.

दुपारी हवालदाराने इंजिनचोरीतला एक संशयित आणला. कोर्टात नेण्याआधी डॉक्टरचा दाखला लागतो. कागद लिहून तयारच होता, ‘अंगावर जखमा नाहीत’. माणूस नीट उभा होता, काही होतंय का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाला. मी सही केली. रात्री जेवताना लक्षात आलं, मी त्याला सदरा काढायला सांगितलाच नव्हता.

एक गंमत नोंदवून ठेवतो. सकाळी अकराच्या सुमारास ठाण्यात रेडिओ फार मोठा लागतो. तो लागला की सुगंधाबाई खिडकी लावतात आणि ओसरीवरचे पेशंट एकमेकांशी मोठमोठ्याने बोलायला लागतात. विचारलं तर म्हणाल्या, साहेब, सवय होईल.

बुधवार, ११ नोव्हेंबर.

आज दुसरा आणला. वना नावाचा, तिशीचा, सालदार. मालकाच्या घरच्या खुनाचा संशय. कागदावर अटकेची तारीख आजची, वेळ सकाळी नऊ.

तो पावलांच्या कडांवर चालत होता.

मी हवालदाराला बाहेर थांबायला सांगितलं. तो हसला आणि दारातच थांबला. मी वनाला टेबलावर निजवलं. दोन्ही तळवे टम्म सुजलेले, आणि मुक्या माराचे डाग हिरवे. जांभळे नाहीत, हिरवे. मुका मार आधी लाल असतो, मग निळा-काळा, हिरवा व्हायला पाच-सहा दिवस लागतात. मग आज नऊला पकडलेल्या माणसाला पाच दिवसांपूर्वी कोणी मारलं? चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं असा कायदा आहे. हा पाच दिवस कुठे होता?

कसं झालं विचारलं, तर दाराकडे पाहत म्हणाला, “मी पडी गऊ, डाक्टरसाहेब.”

त्यांचा कागद फाडून मी नवा लिहिला. जे दिसलं तेच लिहिलं, रंगासकट. रजिस्टरमध्येही नोंद केली. इंजेक्शन मात्र दिलं नाही, नुसत्या दुखण्याच्या गोळ्या दिल्या.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर.

रजिस्टरमधलं ते पान बदललंय. ११ तारखेला माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘वना, ताप. इंजेक्शन दिले. जखमा नाहीत.’ माझ्या ‘ज’ची शेपटीसुद्धा हुबेहूब आहे. क्षणभर वाटलं, मीच लिहिलं की काय.

किल्ली दोघांकडे असते, माझ्याकडे आणि पितांबर नानांकडे. दिवसभर त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही. सिस्टरही आज जास्तच गोड वागल्या. चहा मी स्वतः करून घेतला.

शनिवार, १४ नोव्हेंबर.

वनाची बायको मंजुळाबाई सकाळपासून पायरीवर बसून होती. गेल्या शुक्रवारी शेतातून जीपमध्ये घालून नेला, म्हणाली. म्हणजे सहा तारीख. म्हणजे माझा हिशेब बरोबर. ठाण्यात गेली तर या नावाचा माणूस आणलाच नव्हता असं सांगितलं. मला एकच विचारत राहिली, “मना धनी कोठे शे?”

मी ठाण्यात गेलो. निकुंभांनी खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाले, नोंदवहीत वना नाही, तुम्ही कोणाला तपासलंत कोण जाणे. वर असंही म्हणाले, धुळ्याच्या मॅजिस्ट्रेटला लिहिण्याआधी मला भेटला असतात तर बरं झालं असतं.

ते पत्र मी कालच टाकलं होतं. स्वतःच्या हाताने, पेटीत.

रविवार, १५ नोव्हेंबर.

पितांबर नाना दुपारी आपणहून आले. दार लावून बोलले. तीन वर्षांपूर्वी त्यांनाही ‘दोन प्रश्न विचारायला’ नेलं होतं. दोन दिवस बसवलं. बोटं तेव्हापासून मिटत नाहीत. पान त्यांनीच काढून दिलं, लिहिलं ठाण्याच्या रायटरने. माझे पाय धरू लागले. मी मागे सरकलो. राग आला नाही, भीती वाटली. अकराचा रेडिओ आजही लागला होता. तो कशासाठी लागतो हे ओसरीवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून.

मंगळवार, १७ नोव्हेंबर.

प्रेत आणलं. विहिरीत पडलेला, अनोळखी, बेवारस.

वना आहे.

श्वासनळीत फेस नाही, फुप्फुसात पाणी नाही. पाण्यात पडला तेव्हा तो श्वास घेतच नव्हता. अहवालाच्या तीन प्रती केल्या. नावासकट. एक प्रत मंजुळाबाईने पोलक्यात घातली आणि दुपारच्या गाडीने धुळ्याला गेली. तिथे वकिलाला दे म्हटलं. ती रडली नाही. गाडी सुटेपर्यंत मी स्टँडवर उभा होतो, आणि पानटपरीशी हवालदार.

बुधवार, १८ नोव्हेंबर. ठाण्यात.

हा कागद त्यांचा आहे. जबानी लिहायला दिलाय. वही क्वार्टरवर राहिली.

सकाळी ओपीडीतून बोलावलं. वना माझ्या इंजेक्शनने मेला म्हणे, रजिस्टरला नोंद आहे. घाबरून मीच प्रेत विहिरीत टाकलं म्हणे. अटक करताय का विचारलं. नाही, म्हणाले, नुसते बसा. वकील मागितला. तर म्हणाले, अटकच नाही तर वकील कशाला?

बसायला खुर्ची मात्र नाही. उभा आहे.

गुरुवार, १९.

अजून उभा. तोच प्रश्न. चहा देतात, पाणी नाही. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे त्यांना सांगितलं. निकुंभ हसले — कोर्टाला कोण दाखवतंय, सावद्याला आबांना दाखवू.

पाय बुटात मावत नाहीत. मी अजून कोणाला मारलेलं नाही, हे मलाच पुन्हा पुन्हा —

लिहिलेला कागद चुरगाळून टोपलीत टाकतो. झुंबरबाई टोपली नेते. काल नेताना हळूच म्हणाली, “बठ्ठा ऐकतस, कोन्ही बोलस नही.” सगळेच ऐकतात म्हणे. तिच्या डोळ्यांत — नाही, तिच्यावरही विश्वास ठेवावा की —

शुक्रवार, २०?

धुळ्याहून काही नाही. मंजुळाबाई पोहोचली की —

भिंतीपलीकडे माझी ओपीडी चालू आहे. खोकला ऐकू येतो. मूल रडतंय. ओरडलो तर त्यांना ऐकू जाईल. ओरडलो. ओसरीवरचे पेशंट आणखी मोठ्याने बोलायला लागले.

खिडकी लावल्याचा आवाज आला. सिस्टर —

नंतर.

झुंबरबाई दारात झाडतेय. टोपली शेजारी. निकुंभ म्हणाले, आता शेवटचं, इथे माझ्यासमोर लिहा, मग बसा, झोपा. मजकूर ते सांगताहेत. सुरुवात त्यांची घेतो.

मी, डॉ. पुरुषोत्तम नेहेते, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने लिहून देतो की, ११ नोव्हेंबर रोजी वना यास माझ्यापुढे आणले तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांवर किमान पाच दिवसांपूर्वीच्या माराचे हिरवे डाग होते आणि तो पाचही दिवस याच ठाण्यात, फौजदार नि—