घरी बाळंतीण आहे

ताई, तुला नमस्कार. आधी पाणी पी, मग पुढे वाच. मी खुशाल आहे आणि माझं लग्न झालेलं नाही!

झालं असं, की माझ्या खाटेखाली एक मांजरी व्याली. पिल्लं सहा, आणि तिच्या अंगावर मूठभर मांस नाही. म्हणून मी तीन-तीन पिल्लं पाळीपाळीने तिच्याजवळ सोडतो आणि सगळ्यात अशक्त पिल्लाला ड्रॉपरने दूध पाजतो. जगेल बहुतेक.

परवा सुतारखान्यातून मालक लवकर सोडेना. माझं डोकं फिरलं. ओरडलो, "घरी बाळंतीण आहे, तिला उपाशी मारू काय?"

आपली मांजर जिन्याखाली व्याली की आई हेच म्हणायची, आठवतं? "घरात बाळंतीण आहे, दारं आपटू नका रे!" मग आपण दोघं दिवसभर चवड्यांवर चालायचो. तोच शब्द तोंडातून गेला.

मालक विरघळला. "गाढवा, आधी नाही का सांगायचं?" काल मालकीणबाईंनी झबली-टोपडी पाठवली, तेव्हा माझी ट्यूब पेटली. तोवर कपाट घ्यायला आलेले आपले शिंपीकाका ही बातमी घेऊन तिकडे निघालेसुद्धा!

आईला नीट समजाव. तिचे गुडघे कसे आहेत?

आणि जिच्यापायी मी कॉलेजला लाथ मारली, ती अजून तुझ्याकडे शिवण शिकायला येते ना? तिला आजच सांग, की ते मांजर आहे. ती काय म्हणाली, ते मला कळवू नकोस.

नाही, कळवच.

तुझा तापट धाकटा