धोंडीचा मान

दादा, पाटील दारात आले तेव्हा तुम्ही चुलीपुढे बसून भाकरी खात होता, आणि आईचा दुसरी भाकरी वाढणारा हात तसाच थांबला. लातूर नवा जिल्हा झाला, ते वर्ष. उदगीरच्या कचेऱ्यांवर नव्या जिल्ह्याच्या पाट्या चढत होत्या आणि आपल्या गावात आभाळातून थेंब पडत नव्हता. वस्तीतला आड आटला होता. पाणी उरलं होतं ते पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीला. तिथे आपल्या बायकांनी घागरी खाली ठेवून मागे सरायचं आणि गड्याने वरून ओतायचं. तुम्ही वस्तीतल्या छोट्या चर्चचे प्रचारक होता, पण सगळं गाव तुम्हाला मास्तर म्हणायचं. पाटीलही तसंच म्हणायचे, फक्त उंबऱ्याच्या आत येत नसत.

"मास्तर, उद्या धोंडी काढून राहिलो."

"काढा की पाटील."

"काढा की कसं? धोंडी तुमच्या घरातली असती. आज्जापास्नं मान हाय तुमचा."

पाऊस लांबला की एका माणसाचं अंग उघडं करून कडुलिंबाच्या डहाळ्यांनी झाकायचं, हलगी वाजवत त्याला घरोघर न्यायचं, आणि प्रत्येक घराने त्याच्यावर पाणी ओतत पाऊस मागायचा. तो माणूस पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरातला असे. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते थांबलं, आणि पाऊस बरा होत होता तोवर कुणाला त्याची आठवणही झाली नाही.

"एवढा मान असंल तर यंदा तुमच्या घरात घ्या," तुम्ही म्हणालात.

पाटील हसले. "आमच्या अंगाला लिंब शोभत न्हाई, मास्तर." मग हसू तसंच ठेवून म्हणाले, "मी काय तुमचं पाणी तोडनार न्हाई. पर गडी ऐकंनात. पाऊस अडिवनाऱ्यांना पाणी कशाला, म्हनत्यात." ते गेले, आणि तुम्ही ताटातली भाकरी आईकडे सरकवलीत.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर कुणी घरी गेलं नाही. काकू सगळ्यांत आधी बोलली. "भावजी, लेकरं कोरड्या घशानं झोपून राहिलीत. पानं बांधली तर प्रभू रुसतो व्हय? झाडं त्यानंच केली का न्हाई?" चर्चच्या मंडळीतले म्हातारे वडील, म्हणजे पंच, भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "आज पानं, उद्या कोंबडं. मग बाप्तिस्मा घेतला कशाला?" काकू म्हणाली, "तहानेनं मरायला तर घेतला न्हाई!" मी, तुमची लेक, तेव्हा नुकतीच कॉलेजात जाऊ लागले होते. मी म्हणाले की ही सगळी अंधश्रद्धा आहे, असल्या गोष्टींनी कुठे पाऊस पडतो का, आणि हसले. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुला गावाचं हसू येतंय. गावाला तहान लागलीय, ते दिसंना का?" सगळ्यांसमोर बोललात म्हणून मला ते फार लागलं. शेवटी तुम्ही म्हणालात, "पानं वाईट न्हाईत. पाणी तर न्हाईच न्हाई. पर ती पानं दर बारीला आपल्याच अंगावर का? ते इचारल्याबिगर मी हो बी म्हननार न्हाई आन्‌ न्हाई बी."

सकाळी चावडीपुढे सगळं गाव जमलेलं आहे. तुम्ही आपली घागर खांद्यावर घेऊन उभे आहात, घरातलं होतं नव्हतं ते सगळं पाणी तिच्यात आहे. आई माझा दंड धरून आहे आणि तिची नखं मला टोचतायत. तुम्ही म्हणता, "पाऊस मला बी पाहिजे. मी माझ्या प्रभूकडं मागतो, तुमी तुमच्या देवाकडं मागा. पाणी बी घालतो. पर माझ्या घरातल्या अंगाला पानं लागनार न्हाईत." मागून कुणीतरी ओरडतं, "मास्तर लई शिकला!" हलगी थांबते. दोन गडी पुढे सरकतात. पाटील त्यांना पुढेही या म्हणत नाहीत, मागेही व्हा म्हणत नाहीत.

तेवढ्यात पाटलांची म्हातारी आत्या पारावरून उठली. "बांधा मला."

"आत्याबाई, येडी झालीस का? मास्तरच्या हातचं पाणी अंगावर घेनार?" पाटील म्हणाले.

"आन्‌ वरून पडतंय ते कुणाच्या हातचं असतंय रं? इचारून घेतोस व्हय?"

तिला कुणी हात लावेना, तेव्हा तिनेच डहाळ्या उचलून खांद्यावर घेतल्या आणि लुगड्यासकट खाली बसली. तुम्ही घागर तिरपी केलीत. पाण्याची धार तिच्या तोंडावर गेली तशी ती खेकसली, "हळू रं मास्तर! बाप्तिस्मा देतोस का बुडिवतोस?" आधी बायका हसल्या, मग गडी हसले. पाटील हसले नाहीत. विहीर बंद झाली नाही.

पाऊस आला का, असं मला लोक विचारतात. यायचा तेव्हा थोडा आला. त्याच्या आधी, म्हाताऱ्या वडिलांनी कळवल्यावरून, नांदेडहून मंडळीची माणसं आली. मूर्तिपूजकांच्या विधीत भाग घेतला, चूक झाली एवढं म्हणा, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. तुम्ही म्हणालात, "म्हातारीला पाणी घातलं. त्याची माफी कुणाकडं मागू?" प्रचारकाचं काम गेलं, आणि चूक कबूल करेपर्यंत प्रभुभोजन, उपासनेत वाटतात ती प्रभूच्या नावाची भाकरी, बंद. तरी तुम्ही दर रविवारी येऊन शेवटच्या सतरंजीवर बसत राहिलात. भाकरीचं ताट तुमच्यापाशी आलं की गुडघे आखडून घ्यायचात, पलीकडच्याला ते नीट मिळावं म्हणून. मरेपर्यंत.

मंडळीतल्या त्या म्हाताऱ्या वडिलांचा मी कितीतरी वर्षं राग केला. आता वाटतं, तेही आपल्याच भावकीतले, त्यांच्याही आज्याने ती पानं अंगावर घेतली असतील. त्यांना त्या लिंबाचा वाससुद्धा नको होता. तुम्ही म्हणत होता, पानं सोडा आणि गावात राहा. ते म्हणत होते, गावात राहिलो तर पानं सुटत नाहीत. दोघांचंही खरं होतं आणि घागर एकच होती. दुष्काळाच्या बातम्या मी पुढे वर्तमानपत्रात पुष्कळ लिहिल्या, त्यात हे कधी लिहिता आलं नाही.

आता मी नांदेडच्या मंडळीच्या कमिटीवर आहे. गेल्या महिन्यात एका तरुणाचं प्रकरण आलं. विष्णुपुरीच्या बाजूला घर बांधतोय. पायाभरणीला गवंड्याने नारळ फोडला आणि याने फोडू दिला. "तो म्हनला, न्हाई फोडला तर माझा हात चालंना. मग मी कसं न्हाई म्हनू?" पोरगा खाली बघून सांगत होता. त्याला प्रभुभोजन द्यायचं की नाही, यावर हात वर करायचे होते.

तुम्ही असता तर हे तुम्हाला सांगितलं नसतं, आणि आता सांगून तुमच्यापर्यंत पोचणार नाही. मी फोन आला म्हणून बाहेर गेले. फोन आला नव्हता. हात मोजून होईपर्यंत जिन्यात उभी राहिले.