ती ओवी कुणाची

माय, तुझी ओवी ज्या पुस्तकात आहे ते पुन्हा छापणार आहेत. ओवीखाली 'अज्ञातकर्तृक' असं लिहिलंय. रचणारा ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. कॉलेजात आमचे सर सांगायचे, जुन्या पोथीचं शेवटचं पान गळालं की लिहिणाऱ्याचं नावही जायचं. मग याद्या करणारे पंडित तिथं असा शब्द टाकायचे. तोच पुढं जात्यावरच्या ओव्यांना चिकटला. म्हणे ठाऊक नाही! मला चांगलं ठाऊक आहे. आता कळवलं तर तुझं नाव छापतील.

दुष्काळाचं साल. धाकटीला जाऊन महिनाही झालेला नाही आणि सर सेलूहून टेपरेकॉर्डर घेऊन आपल्या घरी आलेत. "मावशी, म्हणा एखादी." तू म्हणतेस, "जातं फिरल्याबिगर व्हटावर येत न्हाई, सायेब." रिकामं जातं फिरवायचं नाही, म्हणून संध्याकाळसाठी ठेवलेली रेशनची तांबडी मिलो ज्वारी तू त्यात ओततेस.

लेक गं माझी बाई, निजली नदीकाठाला
कोन पाणी पाजील, तिच्या कोरड्या व्हटाला

'बाई'च्या जागी तू रोज धाकटीचं नाव घ्यायचीस. त्या दिवशी गाळलंस. "कुणी रचली ही?" सरांनी विचारलं. "बायायची हाय." मला असा राग आला! ते गेल्यावर मी ओरडलेच, "तुझी हाय की! सांगायला काय झालं?" पीठ गोळा करता करता तू म्हणालीस, "माझी म्हनलं तर दुसरीनं कशी म्हनावी? तिचं बी लेकरू गेलंय." मला ते मुळीच पटलं नाही. तुझं सगळंच गेलं होतं, निदान हे तरी तुझं राहावं असं वाटायचं. अजून वाटतं.

म्हणूनच आज तुझं नाव कळवायला बसले होते. त्याच कागदावर हे तुला लिहीत बसलेय. तुला सांगायचं राहिलंच, दिवाळीनंतर माझी लेक गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. तिला दवाखान्यातून घरी आणलं, उशाशी बसले, तर रडूच येईना. तोंडातून ती ओवी आली. 'बाई'च्या जागी मी माझ्या लेकीचं नाव घेतलं आणि म्हणतच राहिले, घसा बसेपर्यंत. खरं सांगते, माय, तेव्हा तू आठवली नाहीस. धाकटीही नाही.